सायप्रसला जा, रेषा ओलांडा, पण मुक्काम कुठे करताय ते बघा

सायप्रसला जायचं म्हटलं की सल्ले देणारे दोन टोकांचे भेटतात. एक गट सांगतो, उत्तरेकडे पाऊलसुद्धा टाकू नका, तो भाग तुर्कस्तानने बळकावलाय, तिकडे एक कॉफी प्यायलात तरी तुम्ही त्या कब्जाला होकार दिलात. दुसरा गट म्हणतो, अहो आपण फिरायला चाललोय, राजकारण त्यांचं ते बघतील, उत्तरेतल्या किरेनियाला समुद्रासमोर स्वस्तात हॉटेल मिळतंय ना, टाका बुक करून. मला दोन्ही पटत नाहीत, आणि दुसरं जास्त खटकतं, कारण पहिल्यात निदान कोणाचं तरी दुखणं ऐकून घेतलेलं असतं. माझं मत असं की बेटाचे उत्तर-दक्षिण दोन भाग करणारी रेषा जरूर ओलांडावी, न ओलांडता परत आलात तर सायप्रस अर्धाच बघितला, पण पलीकडे पैसे कुठे टाकायचे आणि विशेषतः कोणाच्या जमिनीवर झोपायचं याबाबत एकदम कडक राहावं.

आधी थोडा इतिहास, कारण तो नसेल तर पुढचं सगळं हवेत जाईल. 1960 ला ब्रिटिश गेले तेव्हा बेटावर बहुसंख्य ग्रीक बोलणारे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन आणि साधारण 18 टक्के तुर्की बोलणारे मुसलमान. राष्ट्राध्यक्ष ग्रीक (आर्चबिशप मकारिऑस), उपराष्ट्राध्यक्ष तुर्की, आणि ग्रीस, तुर्कस्तान, ब्रिटन असे तीन देश या व्यवस्थेचे जामीनदार. ही मांडणी तीनच वर्षं टिकली. 1963 च्या डिसेंबरात दंगली पेटल्या, एका ब्रिटिश मेजर जनरलने राजधानी निकोसियाच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलने रेघ मारली आणि तिला ग्रीन लाइन हे नाव पडलं ते आजतागायत. 1964 मध्ये युनोची फौज आली. मग 15 जुलै 1974 ला ग्रीसमधल्या लष्करी राजवटीच्या जोरावर सायप्रसमध्ये बंड झालं, पाच दिवसांनी जामीनदारीचा हवाला देत तुर्कस्तानचं सैन्य उतरलं, ऑगस्टमध्ये त्याने दुसरी मुसंडी मारली आणि बेटाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग ताब्यात घेतला. दीड लाखाहून जास्त ग्रीक सायप्रियट दक्षिणेला पळाले आणि दक्षिणेतले जवळपास सगळे तुर्की सायप्रियट उत्तरेला गेले. दोन्हीकडच्या बेपत्ता माणसांची मिळून यादी 2002 नावांची, त्यात 1510 ग्रीक सायप्रियट आणि 492 तुर्की सायप्रियट. 1983 मध्ये उत्तरेने स्वतःला स्वतंत्र देश जाहीर केलं, त्याला तुर्कस्तान सोडून एकाही देशाने मान्यता दिलेली नाही.

आता रेषा का ओलांडायची. दोन्ही बाजू गोष्ट वेगवेगळ्या वर्षापासून सांगायला सुरुवात करतात, हे त्याचं पहिलं कारण. दक्षिणेत गोष्ट 1974 पासून सुरू होते: स्वारी, घरं गेली, माणसं बेपत्ता झाली. लेड्रा पॅलेसच्या चेकपॉइंटपाशी बेपत्तांच्या आया-बायका फोटो छातीशी धरून वर्षानुवर्षं उभ्या राहायच्या. उत्तरेत गोष्ट 1963 पासून सुरू होते. उत्तर निकोसियात एका घराचं म्युझियम केलंय, म्युझियम ऑफ बार्बरिझम असं त्याचं नाव, तुर्की लष्करातल्या एका डॉक्टरचं ते घर, तिथे त्याची बायको आणि तीन मुलं मारली गेली ती न्हाणीघराची जागा तशीच ठेवलीय. प्रचार आहे का, आहेच, नावातच दिसतोय. पण बरेच तुर्की सायप्रियट लोक 1963 ते 1974 अकरा वर्षं कोंडलेल्या वस्त्यांमध्ये राहिले हे खोटं नाही, आणि ते फक्त दक्षिणेत फिरून तुम्हाला कोणी आपणहून सांगणार नाही. उलट फक्त उत्तरेत राहिलात तर 1974 म्हणजे ‘शांतता मोहीम’ असं ऐकून घरी याल.

ओलांडणं प्रत्यक्षात फारच साधं आहे, आणि ते इतकं साधं आहे हेच विचित्र वाटतं. निकोसियाचा लेड्रा स्ट्रीट म्हणजे फक्त पायी चालायचा बाजाररस्ता, कपड्यांची दुकानं, आइस्क्रीम, कॅफे, आणि चालता चालता मधेच एक पोलिसांची केबिन येते. तिथे पासपोर्ट दाखवायचा. मग थोडासा पट्टा, दोन्ही बाजूला बंद खिडक्यांची जुनी घरं, फुलांच्या कुंड्या मांडून ठेवलेल्या, बाजूच्या गल्ल्यांच्या तोंडाशी पिंपं आणि वाळूची पोती. मग दुसरी केबिन, पुन्हा पासपोर्ट, आणि त्यापुढे तोच बाजार चालू, फक्त पाट्या तुर्कीत आणि युरोऐवजी लिरा. हा रस्ता 3 एप्रिल 2008 ला उघडला. त्याआधी 23 एप्रिल 2003 ला पहिल्यांदा लोकांना ये-जा करू दिली तेव्हा हजारोंच्या रांगा लागल्या, माणसं एकोणतीस वर्षांनी आपापल्या जुन्या घराचं दार वाजवायला गेली होती. कुठे पलीकडच्यांनी कॉफी पाजली, जपून ठेवलेले लग्नाचे फोटो परत दिले, कुठे दार उघडलंच नाही.

आणि अजूनही कित्येक ग्रीक सायप्रियट ओलांडत नाहीत. माझ्याच गावात जायला मी परक्याला पासपोर्ट का दाखवू, असं त्यांचं म्हणणं. याला उत्तर नाही, द्यायचंही नाही. पण हा नकार त्यांचा आहे, तो त्यांनी कमावलेला आहे. आपण बाहेरच्यांनी तो उसना घेऊन मिरवण्यात अर्थ नाही. पर्यटकाच्या न जाण्याने अंकाराला, म्हणजे तुर्कस्तानच्या सरकारला, काडीचा फरक पडत नाही, फरक पडतो तो तुर्की सायप्रियटांना, जे आधीच विचित्र कोंडीत आहेत. त्यांच्या विमानतळावर तुर्कस्तान सोडून कुठूनही थेट विमान येत नाही, त्यांचा फुटबॉल संघ फिफात खेळू शकत नाही, त्यांना पत्र पाठवायचं तर पत्त्यावर ‘मर्सिन 10, तुर्कस्तान’ लिहावं लागतं म्हणजे तुर्कस्तानातल्या एका शहराचा उपविभाग असल्यासारखं. 24 एप्रिल 2004 ला युनोचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या एकीकरणाच्या योजनेवर दोन्हीकडे मतदान झालं, तुर्की सायप्रियटांपैकी 65 टक्के हो म्हणाले, ग्रीक सायप्रियटांपैकी 76 टक्के नाही म्हणाले, आणि आठवड्याभरात 1 मे ला नाही म्हणणारे युरोपियन युनियनमध्ये गेले, हो म्हणणारे होते तिथेच राहिले. ग्रीक बाजूच्या नकाराला त्यांची कारणं होती, तुर्की सैन्य पूर्ण जात नव्हतं, सगळ्यांना घरं परत मिळत नव्हती, ती कारणं मी उडवून लावत नाही. पण एखाद्या समाजाला बाहेरचं जग जितकं कमी दिसेल तितका तो ज्याच्या हातात नळ आहे त्याच्याच तोंडाकडे बघणार, हे समजायला राज्यशास्त्र शिकावं लागत नाही.

इथेच आपल्याकडचा एक ताजा गोंधळ मधे येतो. 2025 च्या मे मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर तुर्कस्तानवर बहिष्काराची लाट आली, ट्रिपा रद्द झाल्या, आणि जूनमध्ये पंतप्रधान मोदी सायप्रसला गेले, निकोसियात ग्रीन लाइनपाशी उभे राहिले, त्यांचे फोटो सगळीकडे फिरले. तेव्हापासून सायप्रस म्हणजे ‘तुर्कस्तानला झोंबणारी ट्रिप’ अशी एक समजूत झालीय. जायचं तर जा, पण दुसऱ्याच्या पन्नास वर्षांच्या जखमेवरची खपली आपल्या रागासाठी वापरायची नसते. शिवाय तुर्की सायप्रियट म्हणजे तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोगान नव्हेत. 2011 च्या जानेवारीत ते अंकाराने लादलेल्या काटकसरीविरुद्ध रस्त्यावर उतरले होते, 2025 च्या वसंतात शाळांमध्ये हिजाबला परवानगी देण्याविरुद्ध उतरले, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये दोन वेगळ्या देशांची भाषा करणाऱ्या, अंकाराच्या लाडक्या एर्सिन तातार यांना पाडून त्यांनी तुफान एर्हुर्मान यांना मोठ्या फरकाने उत्तरेच्या अध्यक्षपदी निवडून दिलं, जे संघराज्याच्या वाटाघाटींच्या बाजूचे मानले जातात. बहिष्कारच घालायचा असेल तर नेमका घाला ना.

आणि नेमका घालता येतो. उत्तरेतला पर्यटनाचा पैसा एकसारखा नाही. 1998 मध्ये तुर्कस्तानने आपल्याकडचे कसिनो बंद केले आणि जुगाराचा तो धंदा किरेनियाच्या किनाऱ्यावर फोफावला, मोठाली हॉटेलं, खाली कसिनो, वर खोल्या, गिऱ्हाईक बरंचसं तुर्कस्तानातून वीकेंडला येणारं. तिथे दिलेला पैसा बेटावर किती थांबतो कोणास ठाऊक. याउलट उत्तर निकोसियातल्या ब्युक हानमध्ये, म्हणजे ऑटोमन काळातल्या सराईत, चौकाभोवतीच्या खोल्यांमध्ये हस्तकलेची छोटी दुकानं आहेत, तिथे चहा-कॉफी घेतली, बाजूच्या बाजारात हेलिम चीज घेतलं तर पैसा इथल्याच माणसाच्या खिशात जातो. (हे चीज दक्षिणेत हलुमी म्हणून मिळतं, आणि 2021 मध्ये युरोपियन युनियनने दोन्ही नावांनी एकच संरक्षित दर्जा दिला. राजकारण्यांना जमलं नाही ते बकरीच्या दुधाने केलं असं लोक म्हणतात, पण उत्तरेतल्या चीजवाल्यांच्या तपासणीचं घोंगडं भिजत पडलं ते पडलंच, तेव्हा फार हुरळून जाऊ नये.)

आता मुख्य मुद्दा, जमिनीचा. दीड लाखाहून जास्त माणसं निघून गेली म्हणजे त्यांची घरं, शेतं, हॉटेलं, किनाऱ्यावरचे प्लॉट मागे राहिले. उत्तरेच्या प्रशासनाने ती वाटून टाकली, कोणाला दक्षिणेत सोडलेल्या जमिनीच्या बदल्यात, कोणाला तुर्कस्तानातून आणून वसवताना. म्हणून तिकडे जमिनीचे कागद वेगवेगळ्या जातीचे असतात, 1974 च्या आधीपासून तुर्की सायप्रियटाच्याच नावावर असलेली, ‘एशदेअर’ म्हणजे बदल्यात मिळालेली, ‘ताहसिस’ म्हणजे नुसतीच वाटप केलेली. पण मूळ मालकाचा हक्क संपत नाही असं युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने किरेनियाच्या लोइझिदू खटल्यात 1996 मध्ये स्पष्ट सांगितलं आणि तुर्कस्तानला 2003 मध्ये भरपाई भरावी लागली. दुसरा खटला तर पर्यटकांनी पाठच करावा असा आहे. एका ब्रिटिश जोडप्याने उत्तरेत लापिथोसला जमीन घेऊन सुट्टीसाठी बंगला बांधला, मूळ मालक दक्षिणेतल्या कोर्टात गेला, कोर्टाने बंगला पाडा आणि भरपाई द्या म्हटलं, हे जोडपं म्हणालं त्या कोर्टाची हुकूमत इथे चालत नाही. 2009 मध्ये युरोपियन युनियनच्या न्यायालयाने सांगितलं की निकाल इतर सदस्य देशांतही अमलात आणावा लागेल, आणि 2010 च्या जानेवारीत ब्रिटिश कोर्टाने तो मान्य केला. म्हणजे स्वस्तातल्या बंगल्यापायी ब्रिटनमधल्या त्यांच्या मालमत्तेवर गदा यायची वेळ आली. 2024 मध्ये तर अशा जमिनींवर घरं बांधून विकणाऱ्या एका बिल्डरला रिपब्लिक ऑफ सायप्रसने, म्हणजे दक्षिणेतल्या मान्यताप्राप्त सरकारने, अटकच केली.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे बंगला घेतोय, दोन रात्री राहायचंय. कायद्याने दोन रात्रींसाठी तुम्हाला कोणी पकडणार नाही, ठीक आहे. पण त्या दोन रात्री मिळूनच ते हॉटेल चालतं, आणि हॉटेल चालतं म्हणून जमीन परत देण्याची गोष्ट दर वर्षी आणखी अवघड होते. कॉफी आणि मुक्काम यात मी फरक करतो तो एवढ्यासाठी. कॉफी माणसाला जाते, मुक्काम कब्जाला घट्ट करतो.

दक्षिणेची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही, हेही सांगायला हवं. तुर्की सायप्रियट जी घरं दक्षिणेत सोडून गेले ती गृहमंत्र्यांच्या ‘पालकत्वा’खाली आहेत, बरीच निर्वासितांना राहायला दिलीत, आणि मूळ मालकाला ती परत मिळवणं सोपं नाही. तरी फरक आहे, तिथे मालकी निदान कागदावर पुसलेली नाही.

वरोशाबद्दल मात्र मी हट्टी आहे. फामागुस्ता शहराचा हा दक्षिणेकडचा भाग, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला युरोपातले पैसेवाले जिथे यायचे तो हॉटेलांचा किनारा. ऑगस्ट 1974 मध्ये माणसं पळाली आणि तुर्की लष्कराने तारा घालून तो बंद केला, शेचाळीस वर्षं कोणी राहिलं नाही. 1984 च्या सुरक्षा परिषदेच्या ठराव 550 मध्ये साफ लिहिलंय की मूळ रहिवाशांखेरीज तिथे कोणालाही वसवू नये. आणि 8 ऑक्टोबर 2020 ला, उत्तरेतल्या निवडणुकीच्या तीनच दिवस आधी, त्याचा काही भाग लोकांसाठी उघडला. तेव्हाचे तिथलेच अध्यक्ष मुस्तफा अकिन्जी यांनी हा निवडणुकीचा डाव आहे म्हणून विरोध केला होता, ते पडले. आता तिथे डांबर टाकलेला रस्ता आहे, भाड्याच्या सायकली आहेत, दोऱ्या बांधल्यात आणि दोरीपलीकडे पडझड झालेल्या इमारतींसमोर लोक सेल्फी काढतात. ज्यांची ती घरं आहेत तेही येतात आणि त्याच दोरीच्या अलीकडे उभे राहतात.

काही जण म्हणतात, बघितलं नाही तर जग विसरेल. पण बघायला वरोशात शिरायची गरज नाही, दक्षिणेकडून देरिनिया गावातल्या गच्च्यांवरून दुर्बिणीने सगळा किनारा दिसतो, आणि तिथे सांगणारी माणसं त्या गावची असतात. इतर ठिकाणी पर्यटक गेला तर त्याचा राजकीय उपयोग चुकून होतो, वरोशात मात्र त्याचं पाऊल हाच उपयोग आहे, किती लोक आले हा आकडाच पुढे केला जातो. त्यापेक्षा फामागुस्ताचा तटबंदीतला जुना भाग बघा, तिथलं गॉथिक कॅथेड्रल 1571 पासून मशीद आहे, आणि ऑथेल्लोचा बुरूज दोन्ही समाजांच्या संयुक्त वारसा समितीने दुरुस्त केलाय. ही समिती 2008 पासून चर्च, मशिदी, हमाम, दोन्हीकडचं सगळं डागडुजी करतेय, आणि या प्रश्नात खरोखर चालू असलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ती एक आहे.

सुरक्षेची काळजी करणाऱ्यांना एवढंच सांगतो, 1996 च्या ऑगस्टमध्ये देरिनियाजवळ निदर्शनांत दोन ग्रीक सायप्रियट तरुण मारले गेले, त्या वर्षानंतर या रेषेवर तसं काही घडलेलं नाही. 2023 मध्ये पिला गावाजवळ रस्त्याच्या कामावरून युनोच्या सैनिकांना धक्काबुक्की झाली, पण पर्यटकाला त्याची झळ बसली नाही. सैनिकी चौक्यांचे फोटो काढू नका, बस. या युनो फौजेशी आपलं नातंही आहे, तिचे तीन कमांडर भारतीय होते, ग्यानी, थिमय्या आणि प्रेमचंद, आणि जनरल थिमय्या 1965 च्या डिसेंबरात त्या कामावर असतानाच सायप्रसमध्ये वारले. लार्नाकात त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

आत कुठून शिरायचं हे मात्र ऐच्छिक समजू नका. दक्षिणेतल्या लार्नाका किंवा पाफोसला उतरा. इस्तंबूलहून उत्तरेतल्या एर्जान विमानतळावर उतरणं रिपब्लिक ऑफ सायप्रस बेकायदा प्रवेश मानतं, आणि भारतीय पासपोर्टवर तो प्रयोग करू नये, तिकडे अडकलात तर आपली वकिलात दक्षिणेत आहे. दक्षिणेतून आलात तर उत्तरेत जाणं म्हणजे देश सोडणं धरत नाहीत, कारण रिपब्लिकच्या लेखी सगळं बेट एकच आहे. भाड्याची गाडी बहुतेक कंपन्या पलीकडे कव्हर करत नाहीत, चेकपॉइंटवर वेगळा विमा घ्यावा लागतो आणि तोही समोरच्याच्या नुकसानीचा, आपल्या गाडीचा नाही. आणि हे सगळं आपल्याला सोपं आहे म्हणून रेषा सगळ्यांना सोपी आहे असं समजू नये, 2024 मध्ये आश्रय मागायला आलेली माणसं दोन केबिनींच्या मधल्या पट्ट्यात महिनोन्‌महिने तंबूत अडकून पडली होती.

‘उत्तरेत झोपायचं नाही’ हा नियम पाळायला बेट लहान असल्यामुळे फार त्रास होत नाही, निकोसियाहून किरेनिया पंचवीसेक किलोमीटर, फामागुस्ताही सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं. नियम ताणला जातो तो कार्पासला. ईशान्येच्या शेपटीसारख्या त्या टोकावर अपोस्तोलोस आंद्रेआसचा मठ आहे, वाटेवरच्या दिपकार्पाझ गावात 1974 नंतरही न हललेले काही ग्रीक सायप्रियट अजून राहतात, आणि एका दिवसात जाऊन येणं म्हणजे निम्मा दिवस गाडीतच. तिथे छोट्या घरगुती गेस्टहाउसमध्ये राहावं का? मी म्हणेन मालकाला सरळ विचारा, कागद कुठला आहे, 1974 च्या आधीचा का एशदेअर. हा प्रश्न तिकडे कोणाला नवा नाही, बेटावर जमिनीबद्दल सगळेच बोलतात. उत्तर टाळलं तर पहाटे निघा आणि रात्री उशिरा परत या.